वऱ्हाडचे ऊन आणि लांब पल्ल्याची शर्यत



पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टी आपल्या वऱ्हाडातील खेड्यांत वाढलेल्या पोराला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पडावे, तालुक्याच्या शाळेत सायकलने जावे आणि एस. टी. सुटू नये म्हणून पांदणीतून फाट्यापर्यंत पळत सुटावे, हे त्याच्या अंगवळणी पडलेलेच असते. या तीन गोष्टी एकामागून एक, मध्ये विसावा न घेता करावयाच्या, अशी एक शर्यत आहे. तिला ट्रायथलॉन म्हणतात. आपण तिला तिहेरी शर्यत म्हणू.

तिच्या सर्वांत लांब प्रकाराला आयर्नमॅन, म्हणजे लोहपुरुष, असे नाव पडले आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर ती प्रथम झाली. पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. गॉर्डन हॅलर नावाच्या गृहस्थाला पहिले येण्यास पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. अंतरे ऐकून आपण चकित व्हाल. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन! हिची निम्मी शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर भरली. पोहणे समुद्रात, नंतर नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणे. तेव्हापासून आपल्याकडच्या तरुणांच्या तोंडी हा विषय अधिक ऐकू येऊ लागला. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर पहाटे सायकली पळविणारी मुले-मुली आज दिसतात, त्यांतल्या काहींच्या डोक्यात गोवा घोळत असतो.

आपल्या भागाला हे वेड नवे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या खेळाडूंनी तेथे आपले देशी व्यायाम आणि खेळ करून दाखविले. लांब धावण्याची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा थक्क झाले. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचे धावपटू गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. हे सांगण्याचे कारण एवढेच की, लांब पल्ला म्हटला की शहरातील सुखवस्तू माणसांचा छंद, अशी जी समजूत आहे ती पुरती खरी नाही. सायकलींच्या किमती पाहिल्या म्हणजे ती अगदीच खोटी आहे असेही म्हणवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो म्हणजे आपले ऊन. मी भूगोल शिकवितो, वैद्य नव्हे. परंतु हवामान शिकविता शिकविता माझ्या ध्यानात आले की, आपण उन्हात जन्म काढतो आणि तरी ऊन अंगात काय करते याची आपल्याला फारशी माहिती नसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सहज टेकतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. जमावबंदी दंग्यासाठी असते, ती सूर्यासाठी निघालेली मी त्या वेळी प्रथम पाहिली.

माणूस धावतो तेव्हा अन्नातून मिळालेल्या शक्तीचा फार तर पाव हिस्सा धावण्याच्या कामी लागतो. उरलेल्या तीन हिश्श्यांची अंगात उष्णताच होते. साठ किलो वजनाचा तरुण तासाला दहा किलोमीटर या बेताने धावू लागला, तर त्याच्या अंगात तासाभरात साडेचारशे कॅलरींच्या आसपास, म्हणजे आहारशास्त्रातल्या मोठ्या कॅलरी बरं का, उष्णता निघते. ती बाहेर पडलीच नाही असे क्षणभर धरा. मग अर्ध्या तासात त्याचे अंग चार अंशांहून अधिक तापेल. सदतीसचे एक्केचाळीस झाले की ऊन लागून माणूस कोसळण्याची पाळी! तेव्हा शर्यत जिंकणे-हरणे बाजूला ठेवा. पहिला प्रश्न ही उष्णता टाकायची कोठे, हा आहे.

थंडीच्या दिवसांत ती हवेला देता येते, कारण हवा आपल्या कातडीपेक्षा गार असते. कातडीचे तपमान साधारण पस्तीस अंश धरा. हवा चव्वेचाळीसवर गेली म्हणजे देणेघेणे उलटे होते. हवाच आपल्याला तापवू लागते. सायकलवर वारा लागतो खरा, पण तो भट्टीच्या तोंडचा वारा असतो. अशा वेळी एकच वाट मोकळी राहते, ती घामाची. लीटरभर घाम अंगावर वाळला की तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर, हे ध्यानात ठेवा. टपकून जमिनीवर पडलेला घाम काही नेत नाही.

हे आपल्याला शिकवायला पुस्तक नको, घरातला माठ पुरे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाळते आणि आतले पाणी गार होते. वैशाखात माठाचे पाणी जितके गार, तितके श्रावणात नसते, हा आपल्या मायमाउल्यांचा रोजचा अनुभव आहे. कुलरचेही तेच. मे महिन्यात अकोल्याला वाळ्याच्या ताट्यांतून येणारी झुळूक सुखाची वाटते. तोच कुलर उचलून मुंबईला न्या, दमट वाऱ्याखेरीज तो काही देणार नाही. आपले शरीर हा एक चालताबोलता माठ आहे. म्हणून केवळ पारा पाहून ऊन जोखू नये, हवेतील ओल पाहावी. २०१९ च्या सप्टेंबरात दोहा येथे जागतिक मैदानी स्पर्धांतील स्त्रियांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने मध्यरात्री लावली होती. सूर्य नव्हता, पारा बत्तिसाच्या आसपास, पण हवा ओलीचिंब. अडुसष्ट जणी धावल्या, त्यांतल्या अठ्ठावीस जणींना शर्यत मध्येच सोडावी लागली. आपल्याकडचा बत्तीस म्हणजे चैत्रातली पहाट!

कोरड्या उन्हाची फसगत याच्या उलट असते. आपल्या मे महिन्यात घाम दिसतच नाही, निघाल्याबरोबर वाळून जातो. मुले म्हणतात, "सर, घामच आला नाही, फार पाणी गेलं नसेल." सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात आणि हे म्हणतात घाम नाही! यावर उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी आणि आल्यावर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करावे. साधा काटा पुरतो. किलोभर वजन उतरले की लीटरभर पाणी गेले. वाटेत जे प्यायले असेल ते त्यात मिळवावे. चार-सहा वेळा असे केले की आपला घाम तासाला किती, हा आकडा ज्याचा त्याला कळतो. एकाचा पाऊण लीटर, दुसऱ्याचा दीड. दुसऱ्याच्या बाटलीकडे पाहून आपली बाटली भरण्यात अर्थ नाही.

आता या साऱ्यात जी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते ती सांगतो. शरीर ऊन शिकते. रोज तास-दीड तास अंग तापेल अशा हवेत बेताने श्रम करीत गेले, तर दहा ते चौदा दिवसांत माणूस आतून बदलतो. रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, म्हणून त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. हा फरक चार-पाच दिवसांतच दिसू लागतो. मग घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, आणि त्यातले मीठ कमी होते. शरीर जणू काटकसर शिकते. ही विद्या गेल्या शतकात खाणींत पक्की झाली. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणी आतून गरम आणि दमट. नवे मजूर तेथे ऊन लागून मरू लागले, तेव्हा १९३० नंतरच्या दशकात तेथील वैद्यांनी नव्या मजुरांना काही दिवस हलक्या कामापासून चढत्या क्रमाने तयार करण्याची पद्धत बसविली. अमेरिकेतील सरकारी संस्था आज हेच आकड्यांत सांगतात. नव्या माणसाला गरम जागी पहिल्या दिवशी कामाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि रोज पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये. उन्हाने दगावलेल्या मजुरांत फार मोठा भाग कामाच्या पहिल्या काही दिवसांतलाच असतो, असे त्यांना आढळले आहे.

आणि जे शिकले ते विसरतेही लवकर. दोन-तीन आठवडे सावलीत काढले की बरेचसे पुसले जाते.

आमच्या महाविद्यालयात दर्यापूर तालुक्यातला एक विद्यार्थी आहे. घरी कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. तिहेरी शर्यतीचे वेड त्याला दोन वर्षांपासून लागले आहे. परीक्षेसाठी एप्रिलचा महिना त्याने अमरावतीला खोलीत, कुलरपुढे, पुस्तके घेऊन काढला. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नव्वद किलोमीटर सायकल मारायला निघाला. वडिलांनी सायकलच्या चाकाला कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला लावली. पोरगा रुसला. त्याने मला फोन केला, की सर, तुम्ही तरी समजवा. मी फोनवर वडिलांना म्हटले, "भाऊ, पोरगं मेहनती आहे, जाऊ द्या की थोडं."

ते म्हणाले, "सर, तुमी शिकलेले हा, मी काय सांगाव? पन मले एक सांगा. पऱ्हाटी उपटाले मानूस लावला, अन् तो महिनाभर घरात निजेल असला, तं त्याले मी पहिल्या दिशी दुपारपावतर ठेवतो का? नाही ठेवत. दोन घंटे काम, मंग निंबाखाली. दुसऱ्या दिशी तीन घंटे. चार-सा दिसानं तो मंग दिसभर टिकते. हा पोरगा महिनाभर कुलरखाली होता. याले काहून येकदम उनात सोडू?"

मी गप्प राहिलो. आफ्रिकेच्या खाणीतील वैद्यांनी जे शोधून काढले ते हा गृहस्थ निंबाच्या झाडाखाली बसून सांगत होता. नंतर ते आणखी एक वाक्य बोलले. "आमी उनात जातो थे पोटापायी, सर. हा काहून जाते?" या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिले नाही, आणि मला वाटते ते देण्याचा अधिकार त्यांच्या पोराचाच आहे. परंतु तो प्रश्न योग्य आहे. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तापलेल्या डांबराशेजारी, जूनच्या उकाड्यात, रात्रंदिवस पाळ्या करणाऱ्या मजुरांना कोणी खेळाडू म्हणत नाही. आज आमची मुले त्याच गुळगुळीत रस्त्यावर सराव करतात. सरावाला जाणाऱ्या पोराला वेळ निवडता येते, हे त्याचे भाग्य. मजुराला ती निवडता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी ती मुकादमाने निवडावी लागते. उन्हाळ्यात कामाच्या पहिल्या आठवड्यात नव्या मजुराला अर्धे काम आणि पुरी मजुरी मिळाली पाहिजे, असे माझे स्वच्छ मत आहे.

त्या पोराची सायकल पाचव्या दिवशी सुटली. मग त्याने जो क्रम धरला तो बहुतेकांना चालण्यासारखा आहे, म्हणून सांगतो. लांब पल्ल्याचा खरा सराव पहाटेचा. साडेतीनला उठून चारला रस्त्यावर. त्या वेळी पारा अठ्ठावीस-तिसाच्या आत असतो. अमरावतीहून बडनेऱ्यावरून मूर्तिजापूर गाठून परत फिरले की शंभर किलोमीटरच्या वर जातात. साडेआठच्या आत घरी. मागे लाल दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट हे हवेच. महामार्गावरच्या ट्रकवाल्याची झोप पहाटे चार वाजताच सर्वांत जड असते, आणि मला उन्हापेक्षा त्याचीच धास्ती अधिक वाटते. चढाचा सराव हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहे. हजार मीटरहून अधिक उंचीवर हवा गार लागते. शरीर घडविण्याला घाट उत्तम, पण ऊन शिकण्याला त्याचा उपयोग नाही.

ऊन शिकण्याचा तास वेगळा ठेवावा. आठवड्यातून सगळे दिवस लांब पल्ला आणि त्यावर ऊन, असे केले तर शरीर दोन्हींकडून मोडते. सकाळी आठ-साडेआठला, पारा पस्तिशीकडे चढत असताना, अगदी हळू धावावे. शेजाऱ्याशी बोलता येईल इतके हळू. पहिल्या दिवशी वीस मिनिटे, मग रोज पाच-सात मिनिटे वाढवीत तासावर न्यावे. भर दुपारी चव्वेचाळिसात धावण्याची काही गरज नाही. त्यात मर्दुमकी दिसते, पण शरीराला शिकण्यासाठी जेवढे ऊन लागते तेवढे साडेनवापर्यंत पुरेसे मिळालेले असते. त्या दिवसांत घड्याळातील वेग विसरावा. थंडीत किलोमीटरला सहा मिनिटे लागत असतील तर येथे सात लागू द्यावीत. हृदयाच्या ठोक्यांवर चालावे, तेच खरे मोजमाप आहे. रात्री पारा तिसाखाली उतरत नसेल आणि झोप झाली नसेल, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन वगळावे. ताप, हगवण, आदल्या रात्रीचे जागरण किंवा दारू, यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी उन्हात पाऊल टाकू नये. निर्जळी उपासाच्या दिवशीही नाही. रमजान उन्हाळ्यात आला तर आमचे मुसलमान विद्यार्थी इफ्तारनंतर रात्री धावतात, ती रीत शहाणपणाची आहे.

पोहण्याविषयी थोडेच सांगतो. विहिरीत सूर मारणारा पोरगा धरणात दोन किलोमीटर पोहू शकेलच असे नाही. विहिरीत चार हातांवर कडा असतो, धरणात नसतो. शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आधी तलावात शिकावे, आणि उघड्या पाण्यात कधीही एकट्याने उतरू नये. मे महिन्यात आपल्याकडे तलावाचे पाणीही कोमट होते. कोमट पाण्यात जोराने पोहताना अंग तापते आणि पाण्यात असल्यामुळे ते समजत नाही.

पाणी आणि मीठ यांबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणजे धावताना पाणी पिऊच नये. ती आता मागे पडली. दुसरी तिच्या उलट, की जितके प्याल तितके चांगले. ही अधिक घातक, कारण ती शहाणी वाटते. २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील तेरा टक्क्यांच्या रक्तात मिठाचे प्रमाण धोक्याच्या रेषेखाली गेलेले आढळले. मुख्य कारण घामापेक्षा जास्त पाणी पिणे. त्याच शर्यतीत एक तरुण स्त्री याने दगावली. म्हणून साधा नियम असा, की तहानेप्रमाणे थोडेथोडे प्यावे आणि सरावानंतर वजन वाढलेले कधीही असू नये. थोडे उतरलेले चालते. शंभरात दोनहून अधिक उतरू देऊ नये.

लीटरभर घामात साधारण अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ जाते, माणसागणिक कमीजास्त. तासाभराच्या सरावाला त्याची फिकीर नको, जेवणातून ते भरून निघते. चार-पाच तासांच्या सरावाला मात्र मीठ-साखर लागते. बाजारात महागडी पेये आहेत. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हगवणीच्या रोग्यांना मीठ-साखर-पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचविले, तीच विद्या येथे उपयोगी पडते. लीटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्याहून जास्त मीठ घालू नये. ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील ही आपली जुनी पेये सरावानंतर पोटाला मानवतात. आंबिलीत मीठही आहे आणि धान्यही. खारपाणपट्ट्यातील श्रोत्यांना एक सूचना. पूर्णेच्या दोन्ही तीरांच्या गावांत विहिरी-हापशांच्या पाण्यात आधीच क्षार असतात. खारट लागते म्हणून ते या कामाचे, असे समजू नये. त्यातील क्षार वेगळे आणि त्यांचे माप नाही. नळयोजनेचे गोडे पाणी घ्यावे.

खिशातल्या कांद्याचे काय, असे कोणी तरी विचारीलच. कांदा खिशात ठेवल्याने अपाय नाही, उपायही नाही. तो भाकरीबरोबर खावा. डोक्याला बांधलेला पांढरा शेला मात्र खरा उपकारक आहे, आणि तो भिजवून बांधला तर माठाचेच काम करतो.

शिक्षक बंधुभगिनींनी पुढचे भाग कृपा करून नीट ऐकावेत. ऊन लागलेला धावपटू ओळखायचा कसा? अंग कोरडे पडले, घाम थांबला, म्हणजेच ऊन लागले, असे आपण मानतो. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बरेचदा खरे असते. धावणाऱ्या, खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत नाही. त्याचे अंग घामाने ओलेही असेल. पाहायचे ते त्याचे बोलणे-चालणे. असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडला, आपण कोठे आहोत हे त्याला सांगता येईना, झोकांड्या जाऊ लागल्या, की वेळ दवडू नये. मेंदू तापला आहे.

अशा वेळी आधी गार करावे, मग दवाखान्यात न्यावे. हा क्रम उलटा झाला की घात होतो. अमेरिकेत फालमथ येथे दर वर्षी उन्हाळ्यात एक शर्यत होते. तेथे अठरा वर्षांत २७४ धावपटूंना असे ऊन लागले, आणि सर्वांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसविल्यामुळे एकही दगावला नाही. आपल्याकडे बर्फाचा टब कोठला? पण गुरांचा हौद आहे, शेतातल्या मोटारीची धार आहे, शाळेची टाकी आहे. पोराला मानेपर्यंत हौदात बसवा, एकाने मागून काखेत धरून डोके वर ठेवा, पाणी ढवळत राहा. हौद नसेल तर मोटारीच्या धारेखाली धरा, किंवा ओल्या चादरी घालून वारा घाला आणि त्या वरचेवर बदला. "तापलेल्या अंगावर गार पाणी नको, बाधेल," असे घरातील वडीलधारी म्हणतील. त्यांचा मान राखावा आणि पाणी ओतावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र थेंबही घालू नये. एकाने गार करायला लागावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन लावावा.

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांहून उशिरा उघडतात. उघडतात तेव्हा मृग लागून गेलेला असतो, पारा उतरलेला असतो आणि आपल्याला हायसे वाटते. पण माठाचा हिशेब आठवा. पाऊस ओढ देऊन बसला असेल, हवा ओली असेल, तर अडतीस अंशांतही घाम वाळत नाही. मुले दोन महिने सावलीत काढून आलेली असतात. त्या पहिल्या आठवड्यात मैदानाच्या पाच फेऱ्या शिक्षा म्हणून मारावयास लावणे हे फार वाईट. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांनाही हेच लागू आहे. ती तर कोणाला न विचारता पळतात.

गोव्याला जाऊ इच्छिणाऱ्यांना शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपल्याकडील मे महिन्याचा सराव तेथे ऑक्टोबरात फारसा पुरत नाही. एक तर तो पाच महिन्यांत पुसला जातो, आणि दुसरे, तेथील हवा दमट. आठ-दहा दिवस आधी जाऊन राहणे उत्तम, पण शेतकऱ्याच्या पोराला लॉजचे भाडे परवडत नाही. त्यासाठी वऱ्हाडातच सोय आहे. श्रावण-भाद्रपदात पाऊस उघडल्यावर दुपारी चारच्या सुमारास काळ्या मातीतून जी वाफ निघते, तिच्यात पाऊण तास हळू धावावे. गणपती उठल्यापासून शर्यतीच्या आठवड्यापर्यंत हा क्रम एक दिवसाआड ठेवला तरी चालतो. तो दर्यापूरकडचा विद्यार्थी गेल्या वर्षी याच वेळेला कपाशीच्या बांधांवरून धावत होता. त्याचे वडील बांधावर बसून त्याच्या फेऱ्या मोजीत, आणि जिनिंगमधल्या काट्यावर त्याचे वजनही तेच करून आणीत.